वचन ऐकलं, आता करायचं काय? मंडळीच्या शास्त्राभ्यासातून वागणूक बदलण्याची पद्धत

प्रश्न असा आहे: गावात चाळीसेक ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी आहे. रविवारची उपासना चुकत नाही, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा होते, शब्बाथशाळेत मुलं वचनं पाठ करतात. तरी भावाभावांत बोलणं बंद आहे, मजुरी थकते, दारू चालू आहे, आणि शेजारपाजारचे विचारतात, "यांच्यात आणि आमच्यात फरक काय?" अशा ठिकाणी पवित्र शास्त्राच्या आधारे नीतीनं जगायला चालना कशी द्यायची?

मी लूक ३:१० ते १४ या उताऱ्यापासून सुरुवात करायला सांगेन. यार्देनेकाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं बोलणं ऐकून लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? योहान सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. सर्वसाधारण लोकांना सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक ज्याला नाही त्याला द्या. जकातदारांना सांगतो, ठरवून दिलंय त्याहून जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, दमदाटीनं पैसे काढू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात भागवा. कुणाला नोकरी सोडायला सांगत नाही. ज्याला जिथे चुकीचं वागायची सोय आहे, नेमकं तिथे बोट ठेवतो. आपल्याकडे हेच राहून जातं. "प्रीतीनं राहा, पवित्र व्हा" इथपर्यंत उपदेश येतो, सगळे आमेन म्हणतात, आणि शेतमालक, दुकानदार, मुकादम, शिक्षक, सासू, सून यांपैकी कुणालाच उद्या सकाळी वेगळं काय करायचं ते कळलेलं नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: वाचन कमी करा, आणि वाचलेल्यातून एक ठरावीक काम, ठरावीक माणसानं, ठरावीक दिवसापर्यंत करायचं असं ठरल्याशिवाय बैठकीतून उठू नका.

बैठक कशी घ्यायची

आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोघे-तिघेच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. चाळीस कुटुंबांत असे तीन-चार गट आरामात होतात. महिलांचा एक गट वेगळा ठेवा. पुरुषांसमोर बऱ्याच घरांतल्या सुना तोंड उघडत नाहीत, आणि घरातलं खरं त्यांनाच ठाऊक असतं.

वेळ सव्वा तास. एक गीत, छोटी प्रार्थना, मग मागच्या आठवड्याचा हिशेब: ठरलेलं काम झालं का? हा भाग वीस मिनिटं चालला तरी चालेल, पण तो वाचनाच्या आधीच घ्या. शेवटी ठेवला की वेळ संपतो आणि सगळ्यांची सुटका होते. नंतर उतारा दहा-पंधरा ओव्यांचा, दोन वेगळ्या माणसांनी दोनदा मोठ्यानं वाचायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापैकी कुणाला तरी तो आपल्या शब्दांत सांगायला लावा. उतारा कळला की नाही याची याहून चांगली परीक्षा नाही. मग तीनच प्रश्न: इथे देव काय करायला किंवा टाळायला सांगतो? आपल्या गावात हे कुठे घडतं? मी स्वतः या आठवड्यात काय करणार? गट चालवणाऱ्यानं एकंदर दहा मिनिटांच्या वर बोलू नये. पाळकसाहेब गटात असतील तर त्यांना हे जास्त जड जातं, कारण शांतता झाली की ती उपदेशानं भरायची सवय असते. ती शांतता राहू द्या.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं "मी"नं सुरू झाली पाहिजेत. "आजकालच्या पोरांनी" असं कुणी म्हटलं की थांबवून विचारायचं, "काका, तुमचं काय?" आणि "या विषयासाठी प्रार्थना करू या" हे उत्तर धरायचं नाही. प्रार्थना कराच, पण ती कामाच्या जागी येता कामा नये. "बायकोशी नीट वागेन" हेही काम म्हणून चालत नाही. "शनिवारी मजुरी हातात आली की घरखर्चाचे पैसे आधी तिच्याकडे देईन" हे चालतं.

पहिले सहा आठवडे: लेवीय १९

पुष्कळ ठिकाणी अभ्यास रोमकरांस पत्रापासून सुरू करतात. ते पत्र मोलाचं आहे, पण वागणुकीचा विषय हाती घ्यायचा असेल तर लेवीयाचा एकोणिसावा अध्याय घ्या. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही येशूनं उचललेली आज्ञा तिथलीच, अठराव्या ओवीतली. तिच्या आजूबाजूला काय आहे ते लोक सहसा वाचत नाहीत: मजुरी, वजन-मापं, चहाड्या, बहिऱ्याला शिव्या देणं, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवणं, परदेशी माणसाला छळणं. शेजाऱ्यावरची प्रीती म्हणजे काय ते तिथे एकेका व्यवहारात उलगडून सांगितलंय.

मजुरीपासून सुरुवात करा (ओवी १३, सोबत अनुवाद या पुस्तकातल्या २४:१४-१५ आणि याकोब ५:४). मजुराचा रोजगार रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. सूर्य मावळायच्या आत द्यावा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. आपल्याकडे खुरपणीला आलेल्या बायांना "बाजाराच्या दिवशी देते" असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेकदा पैसे नसतात असंही नाही. सुट्टे नसतात, किंवा घाई नसते. म्हणून काम असं ठरवा: बाया शेतात यायच्या आधीच पैसे सुट्टे करून ठेवायचे, किंवा त्याच संध्याकाळी फोनवरून पाठवायचे. पैसे खरोखर नसतील तर काम सुरू व्हायच्या आधी तसं सांगायचं, म्हणजे यायचं की नाही हे त्या ठरवतील. आणि मंडळीनं स्वतःपासून सुरुवात करावी. चर्च झाडणारी मावशी, कबर खणणारा, माळी यांचे पैसे थकलेले असताना पाळकांनी या ओवीवर बोललेलं कुणी मनावर घेत नाही.

वजन-मापं (ओवी ३५-३६) हा विषय दुकानदार, दूधवाले, भाजीवाले यांचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. शिक्का जुना झालाय का ते त्याच आठवड्यात पाहता येतं. घरच्या घरी बघायचं तर एक किलो मिठाची बंद पिशवी काट्यावर ठेवा; पिशवीचे चार-पाच ग्रॅम सोडता फरक दिसला तर काटा दाखवून घ्या. मिठाई डब्यासकट तोलणं याच ओवीत बसतं. गिऱ्हाइकाची बाजूही विसरू नका: नीतिसूत्रे २०:१४ मध्ये घेणारा "वाईट आहे, वाईट आहे" म्हणत भाव पाडतो आणि पुढे जाऊन बढाई मारतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांनी ही ओवी वाचावी.

शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडायची आज्ञा (ओवी ९-१०) रूथ या गरीब विधवेच्या गोष्टीसोबत वाचा. बवाजाच्या शेतात रूथ स्वतः वेचते. दारात उभं राहून मागावं लागत नाही. आजही भुईमूग, कांदा काढल्यावर मागे राहिलेलं वेचायला लोक येतात. त्यांना हाकलायचं नाही, आणि ते कोणत्या धर्माचे हे विचारायचं नाही, एवढं ठरलं तरी पुरे. बाकीच्या ओव्या याच रीतीनं घ्या.

पैसा, बांध आणि बहिणीचा हिस्सा

सहा आठवड्यांनंतर जड विषय घ्यायला हरकत नाही. गावातली अर्धी भांडणं तीन गोष्टींची असतात: उसनवारी, बांध आणि वाटणी.

उसनवारीसाठी नहेम्या ५ वाचा. दुष्काळात लोकांनी शेतं, घरं गहाण टाकली, मुलं दासपणात दिली, आणि सावकार परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. तिथला अधिकारी नहेम्या त्यांना बोलावून शेतं परत करायला लावतो आणि शपथ घ्यायला लावतो. तो स्वतःही पैसे देणाऱ्यांतला होता हे तो लपवत नाही. मग आपल्याकडचा हिशेब फळ्यावर मांडा. महिन्याला शेकडा पाच म्हणजे दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल तसंच्या तसं. ज्यांनी हे वर्षानुवर्षं भरलंय त्यांनासुद्धा वर्षाचा आकडा एकत्र पाहून धक्का बसतो. अनुवाद २४:६ मध्ये जातं गहाण घेऊ नये असं म्हटलंय, कारण ते घेणं म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणं. त्या जागी आज शिलाई मशीन, रेशन कार्ड, एटीएम कार्ड ठेवून पाहा. मंडळीतल्या कुणाकडे दुसऱ्याचं असं काही अडकवून ठेवलेलं असेल तर पहिलं काम ते परत करणं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. कर्जात बुडालेल्या कुटुंबाला ही माहिती प्रार्थनेइतकीच लागते.

बांधाबद्दल शास्त्र फार स्पष्ट आहे. अनुवाद १९:१४ आणि २७:१७, नीतिसूत्रे २२:२८: शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नको. आपल्याकडे याला बांध कोरणं म्हणतात आणि नांगरटीच्या वेळी वीतभर वीतभर करत ते होतं. दोघेही प्रामाणिकपणे आपलंच खरं मानत असतील तर तिथे प्रवचन कामाचं नाही, मोजणी कामाची. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात दोघांनी मिळून अर्ज करावा, फी निम्मी-निम्मी भरावी, आणि मोजणीच्या आधीच एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी की निघेल ते मान्य. हा कागद आधी झाला नाही तर ज्याच्या विरोधात मोजणी जाते तो लगेच फेरमोजणी मागतो. खुणा कायमच्या रोवून घ्या, आणि वर्षभरानं नांगरट झाल्यावर एकदा जाऊन पाहा.

वाटणीच्या बाबतीत मी थोडं कडक बोलेन. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात. देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. हा उतारा आपल्या मंडळ्यांत क्वचित वाचला जातो, आणि रक्षाबंधनासारखी चोळी-बांगडी देऊन किंवा डोळ्यात पाणी आणून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं ख्रिस्ती घरांतही चालतं. भारतातल्या बहुतेक ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. (गोव्याची नागरी संहिता वेगळी आहे.) मृत्युपत्र न करता बाप वारला आणि मागे बायको-मुलं असली, तर एक तृतीयांश विधवेचा, उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. बारा एकर असेल आणि आई, दोन मुलगे, दोन मुली असतील तर आईला चार एकर आणि प्रत्येक लेकराला दोन एकर. बहिणीनं मनापासून सोडलं तर तो तिचा अधिकार आहे. पण तिला आकडा सांगून, तिला वेळ देऊन, भाऊ समोर नसताना विचारलं गेलं का, हे मंडळीच्या वडीलजनांनी पाहावं. सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना बहिणीचं नाव "राहून" जाणं ही चूक समजून सोडून देऊ नये.

जे घेतलं गेलंय ते परत करायचं प्रमाणही शास्त्रात आहे. लेवीय ६:१ ते ५ मध्ये पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. पाच हजार बुडवले असतील तर सहा हजार. जकातदार जक्कय (लूक १९:८) त्याच्या पुढे जाऊन चौपट देतो. परतफेड गुपचूप करा. तिची रविवारी साक्ष देऊ नका. ज्याचे पैसे बुडाले होते त्याची गावभर चर्चा होते आणि देणाऱ्याला वाहवा मिळते. हप्त्यानं द्यायचं असेल तर तारखा लिहून द्या.

भांडण मिटवताना

मत्तय १८:१५ ते १७ सगळ्यांना पाठ असतं. पहिली पायरी: एकट्यानं जाऊन बोल. दुसरी: एक-दोघांना सोबत घे. तिसरी: मंडळीला सांग. प्रत्यक्षात पहिलीच पायरी गळते, आणि गळते ती धार्मिक वेषात. "अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, तिथे काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे" असं म्हटलं की चहाडी प्रार्थनेचा विषय होऊन फिरते. म्हणून नियम करा: हजर नसलेल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थनेचा विषय मांडायचा तर त्याची परवानगी घ्यायची. आजारपण वगळता अपवाद नको.

दुसऱ्या पायरीला जे एक-दोन जण जातील ते दोघांपैकी कुणाचे नातेवाईक किंवा देणेकरी नसावेत. छोट्या मंडळीत अशी माणसं सापडत नाहीत. तेव्हा शेजारच्या गावच्या मंडळीतून बोलवा. बैठक घरात नको, ओट्यावर नको, जेवणानंतर नको. दुपारी चर्चच्या खोलीत, एका वेळी एकच विषय, आणि ठरलेलं कागदावर.

इथे एक सीमा आहे आणि ती ओलांडू नका. मारहाण, लैंगिक छळ, मुलांवरचा अत्याचार ही मत्तय १८ ची प्रकरणं नाहीत. मार खाणाऱ्या बाईला "एकटीनं जाऊन नवऱ्याशी बोल", "आपला क्रूस उचल" असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हातात देणं. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली बावीसावी ओवी तिच्यापुढे वाचणाऱ्यांनी एकविसावी आणि पंचविसावीही वाचावी: एकमेकांच्या अधीन राहा, आणि नवऱ्यांनो, ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी हलवा. महिलांसाठी १८१, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; मंडळीत मिटवणं हा पर्यायच नाही, आरोपी वडीलजन असला तरी.

दारूच्या शपथा

संजीवन सभांमध्ये लोक पुढे येऊन दारू सोडल्याची शपथ घेतात. भावना खरी असते, पण दोन गोष्टी बिघडतात. रोज सकाळपासून पिणारा माणूस एकदम थांबला की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, झटके येऊ शकतात. पुढे भास आणि भ्रम होऊन जिवावरही बेततं. घरचे याला सैतानाचा त्रास समजतात आणि नुसती प्रार्थना करत बसतात. अशा माणसाला शपथेआधी सरकारी रुग्णालयात दाखवा. औषधावर थांबवणं सुरक्षित असतं. दुसरं, शपथ मोडली की तो लाजेनं उपासनेला येणं बंद करतो आणि आधाराची शेवटची जागाही जाते. गलतीकरांस ६:१ सांगतं, चुकलेल्याला सौम्यतेनं ताळ्यावर आणा. म्हणून दोन माणसं नेमा, मजुरी मिळण्याच्या संध्याकाळी त्याच्यासोबत राहणारी. बहुतेक वेळा घसरण त्याच दोन तासांत होते.

मंडळीचं स्वतःचं घर

याकोब २:१ ते ४ मध्ये सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा, गरीब आला की पायाशी. आपल्याकडे खुर्ची कुणाला आणि सतरंजी कुणाला, एवढं एका रविवारी नीट पाहा. जात प्रभुभोजनाच्या मेजावर दिसत नसली तरी सोयरीक जुळवताना दिसते, पंचकमिटीच्या निवडणुकीत दिसते. यावर प्रेषितांची कृत्ये ६ मधला उपाय मला फार मोलाचा वाटतो. ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर दाबली नाही. सात जण निवडले, आणि स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर अशी त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाची जबाबदारी गेली असं त्यावरून दिसतं. तुमच्या मंडळीत मदतीची यादी कोण करतं? ज्या वस्तीला मदत कमी पोचते तिथला एक तरी माणूस, शक्यतो बाई, त्या यादीवर बसवा.

दानार्पण दोघांनी मोजायचं, दोघे एका घरातले नकोत, तिथेच सही, आणि महिन्याचा जमाखर्च चर्चच्या दारावर. २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये पौल दानाची रक्कम एकट्यानं नेत नाही; देवासमोर जे चांगलं ते माणसांसमोरही चांगलं दिसावं म्हणतो. हिशेब मागणाऱ्याला अविश्वासू म्हणणाऱ्यांना ही ओवी दाखवा.

गावातल्या इतर धर्माच्या शेजाऱ्यांना मदत करताना तिला कसलीही अट जोडू नका. पाण्याचा टँकर, दवाखान्याची गाडी, वह्या दिल्यावर प्रार्थनेला बोलावलं की घेणारा ओशाळतो आणि गाव संशय घेतं. दोन्ही गोष्टी शोमरोनी माणसाच्या गोष्टीत नाहीत. त्यानं जखमीला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले, जास्त खर्च आला तर परत येताना देईन म्हणाला आणि निघून गेला.

मोठ्या जमावापर्यंत हे पोचवायचं असेल तर आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे, अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) मंडळ्यांत ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला सांगितलेली, श्रीमंतानं हिरावलेल्या गरिबाच्या कोकरीची गोष्ट (२ शमुवेल १२) किंवा नाबोथाचा द्राक्षमळा (१ राजे २१) कीर्तनात लावा. जमीन बळकावणारा समोर बसलेला असतो आणि कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मजुरी आणि वाटणीचे विषय आले की गटाची हजेरी निम्म्यावर येते. लोक पीक, लग्न, पाहुणे अशी कारणं देतात. तेव्हा विषय बदलून सोपी स्तोत्रं घेऊ नका आणि न आलेल्यांच्या घरी विचारणा करायलाही जाऊ नका. तीन-चार जण उरले तरी ठरल्या वेळी बसा, मागच्या कामाचा हिशेब घ्या, पुढचा उतारा वाचा. गेलेल्यांपैकी काही जण महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात, आणि त्यांतला एखादा येताना खिशात कुणाचं तरी रेशन कार्ड घेऊन येतो.